भूत कोणाच्या नोकरीत आहे?

मागच्या व्याख्यानानंतर जिन्यात एक तरुण आई माझ्यासाठी थांबली होती. तिचा मुलगा पाच वर्षांचा. रात्री तहान लागली तरी स्वयंपाकघरात एकटा जात नाही. ती म्हणाली, "सर, एकजण सांगतात, त्याला मुद्दाम भुताच्या गोष्टी सांगा, भीती मोडेल. दुसरे सांगतात, चुकूनही सांगू नका, जन्मभराची भीती बसेल. कोणाचं ऐकू?" मी जिन्यात उत्तर देण्याचं टाळलं आणि पुढच्या वेळचा विषय हाच घेतो, असं सांगून सुटका करून घेतली. म्हणून आज हा विषय.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. ज्या मुलाची झोप महिनोन् महिने उडाली आहे, त्याला डॉक्टरांकडेच न्या. माझा धंदा आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवण्याचा, तेव्हा मी तपासणार आहे ते गोष्टींबद्दलचे युक्तिवाद, आणि थोड्या त्या गोष्टीही.

हा वाद जुना आहे. जॉन लॉकचं मुलांच्या शिक्षणावरचं पुस्तक १६९३ चं. लॉक स्वतः वैद्यकी शिकलेला माणूस. तो म्हणतो, घरातले नोकर मुलांना धाकात ठेवायला भुताखेतांची नावं घेतात, आणि त्या नावांची अंधाराशी अशी गाठ बसते की ती पुढे सुटत नाही. मानवी आकलनावरच्या आपल्या मोठ्या ग्रंथातही तो हेच उदाहरण घेतो. भुताचा अंधाराशी जेवढा संबंध आहे तेवढाच उजेडाशी, म्हणजे मुळात काहीच नाही. पण एखाद्या मोलकरणीने दोन्ही एकत्र मुलाच्या मनात घातली की पुढे एक आलं म्हणजे दुसरं येणारच. कल्पनांचं साहचर्य म्हणतात ते हे.

पुढे सत्तर वर्षांनी, १७६२ साली, 'एमिल'मध्ये रूसो हे साफ नाकारतो. दायांच्या गोष्टींना कशाला दोष देता, कारण नैसर्गिक आहे, असं त्याचं म्हणणं. आजूबाजूला काय आहे ते कळत नाही, म्हणून भीती वाटते. उपाय काय, तर रात्रीचे खेळ. पुष्कळ मुलं, पुष्कळ हसणं, आणि अंधार. आणि मग तो स्वतःची आठवण सांगतो. लहानपणी तो एका पाद्र्याच्या घरी राहायला होता. त्या पाद्र्याने एका रात्री त्याला चर्चमधून बायबल आणायला पाठवलं. वाटेत दफनभूमी. ती त्याने ओलांडली, पण आतल्या अंधारात दिशा चुकली, घाबरला आणि धूम पळत सुटला. घराजवळ आला तर आतून हसण्याचा आवाज, आणि कंदील घेऊन कोणीतरी त्याला शोधायला निघण्याच्या बेतात. ते ऐकलं आणि हा तसाच मागे फिरला, बायबल घेऊनच आला. हा प्रसंग लक्षात ठेवा, मला तो शेवटी पुन्हा लागणार आहे.

लॉक आणि रूसो यांच्यातला निवाडा माझ्या मते एका निबंधकाराने केला. चार्ल्स लॅम. १८२१ च्या एका निबंधात तो आपल्या लहानपणच्या रात्रींबद्दल लिहितो. घरात बायबलच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक होतं, त्यात चेटकीण मेलेल्या सॅम्युएलला उठवते आहे असं चित्र. त्या चित्रामुळे लॅमच्या कैक रात्री वाईट गेल्या. म्हणजे लॉकची बाजू खरी? नाही. कारण लॅम लगेच आपल्या मित्राच्या मुलाबद्दल सांगतो. हा मित्र म्हणजे ली हंट. त्याने मुलाला भुताखेतांपासून कटाक्षाने दूर ठेवलं होतं, भुताची एक गोष्ट कानावर पडू दिली नव्हती. त्या मुलालाही रात्री तीच भीती वाटे, ती त्याने स्वतःच्या मनातून तयार केली होती. लॅमचा निष्कर्ष असा की पुस्तकं भीती निर्माण करत नाहीत, फार तर तिला दिशा देतात. दिशा हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. भीती आहेच. तिला वळण कोण देतो, कसं देतो, एवढंच आपल्या हातात आहे.

आता माझ्या घरी या. १९८३-८४ च्या सुमाराची गोष्ट. आम्ही एका तालुक्याच्या गावी भाड्याच्या घरात राहत होतो. संडास परसात, मध्ये वीस-पंचवीस पावलांचं अंगण, आणि कुंपणापलीकडे एक पिंपळ. मुलगी पाच वर्षांची. ती रात्री उठायची नाही, आणि सकाळी अंथरूण ओलं. तिला त्याची फार लाज वाटायची. सकाळी चादरीची घडी करून ती स्वतःच लपवायची. मी तरुण प्राध्यापक, नुकताच पीएच.डी. झालेला. म्हटलं, समजावून सांगू. तिला कडेवर घेऊन अंगणात गेलो, दिवा लावला, कोपरा न् कोपरा दाखवला. "बघ, आहे का कोणी?" ती म्हणाली, "नाही." मी दिवा बंद केला. ती म्हणाली, "आता आलं."

मी पुन्हा दिवा लावला. "कुठेय?" "दिवा लावला की ते जातं ना, बाबा."

त्या रात्री मी चिडलो होतो. पण नंतर वर्गात न्यायदर्शन शिकवताना एक दिवस खडू हातात धरून मी थांबलो. लक्षात आलं की पोरगी बरोबर होती.

बघा, आपल्याकडे अभाव कसा कळतो यावर पिढ्यान् पिढ्या वाद झालेला आहे. टेबलावर घडा नाही हे मला कसं कळतं? घडा दिसत नाही म्हणून. पण नुसतं 'दिसत नाही' पुरत नाही. अट अशी आहे की तो तिथे असता तर दिसलाच असता. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती अनुपलब्धीला स्वतंत्र प्रमाण मानतात, नैयायिक मानत नाहीत. पण ही 'योग्य'ची अट सगळ्यांना मान्य आहे. अंधारात ती पुरी होत नाही. अंधारात भूत दिसत नाही यावरून भूत नाही हे सिद्ध होत नाही, कारण अंधारात टेबलही दिसत नाही. आणि गंमत अशी की बौद्ध न्यायाच्या ग्रंथांत 'न दिसण्यावरून नसणं सिद्ध होत नाही' असं सांगायचं असतं तेव्हा उदाहरण येतं ते पिशाचाचंच! मोठमोठ्या पंडितांनी जे मान्य केलं होतं ते मी पाच वर्षांच्या मुलीला मान्य करू देत नव्हतो.

आणखी एक. वैशेषिक म्हणतात, तम म्हणजे तेजाचा अभाव, बाकी काही नाही. भाट्ट म्हणतात, तम हे द्रव्य आहे. ते काळं दिसतं, ते सरकतं. आपण मोठी माणसं सगळी वैशेषिक. मुलं सगळी भाट्ट. त्यांच्यासाठी अंधार ही येणारी, भरणारी, खोलीत उभी राहणारी वस्तू आहे. "तिथे काही नाही" हे आपलं वाक्य त्यांच्या कानावरून नुसतं निघून जातं.

आता गोष्टींकडे. मुलांची भीती जावी म्हणून आज जी पुस्तकं निघतात, त्यांतली पुष्कळ मी नातवाच्या निमित्ताने वाचली. त्यांतल्या दोन तऱ्हांशी माझं भांडण आहे. पहिली तऱ्हा रज्जुसर्पाची. मुलाला भिंतीवर राक्षस दिसतो, तो किंचाळतो, आई येते, दिवा लावते, आणि तो खुंटीवरचा कोट निघतो. शंकराचार्यांच्या परंपरेतला लाडका दृष्टान्त, फक्त दोरीच्या जागी कोट. ही गोष्ट मुलाला काय सांगते? तू चुकलास, एवढंच. दिवा मोठ्यांच्या हातात, ज्ञान मोठ्यांच्या हातात, आणि मुलाच्या वाट्याला खजील होणं. शिवाय त्याने त्या एका कोटाचं उत्तर मिळवलं. पलंगाखालचं अजून बाकीच आहे.

दुसरी तऱ्हा गोड भुताची. गुलाबी गाल, मोठे डोळे, केक खाणारं भूत. त्यात भयाचा थेंब नसतो. मूल ते चवीने ऐकतं, आणि रात्री ज्याला घाबरायचं त्याला घाबरतंच, कारण या केकवाल्या भुताचा आणि त्याचा काही परिचयच होत नाही. लस म्हणून साखरेचं पाणी टोचल्यासारखं हे आहे. अर्थात 'लस' ही उपमाही मला फारशी पटत नाही. गोष्ट म्हणजे डोस नव्हे. त्याकडे येतो.

आमच्या घरी काय झालं ते आधी सांगून टाकतो. सासूबाई राहायला आल्या. त्यांनी दोन दिवस माझं प्रवचन ऐकलं. तिसऱ्या रात्री नातीला कुशीत घेऊन त्या म्हणाल्या, पिंपळावर मुंजा आहे. मी हादरलोच! मुंजा म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे, मुंज झालेला मुलगा अकाली गेला की त्याचं होतं ते भूत. म्हणजे भूतच, पण पोर. सासूबाईंचा मुंजा आठ वर्षांचा होता आणि त्याला खाली उतरायची भीती वाटायची, कारण खाली माणसं असतात, आणि माणसं बोंब मारतात. मुलीने विचारलं, "मग त्याला शू लागली तर?" सासूबाई गंभीरपणे म्हणाल्या, "धरून बसतो बिचारा. सगळे झोपायची वाट बघतो." हा विषय पुढे आठ-दहा रात्री चालला. मुंजाला कशी मदत करता येईल यावर दोघींच्या चर्चा. शेवटी ठरलं असं, की आपण अंगणात जाताना आधी सांगायचं: "आम्ही येतोय, बोंब मारणार नाही." मग आजी आणि नात बॅटरी घेऊन जायच्या, पायरीवर उभं राहून मुलगी मोठ्याने ते सांगायची आणि पुढे जायची. हळूहळू आजी पायरीवर थांबू लागली. अंथरूण कोरडं राहायला दोन-अडीच महिने लागले. चमत्कार वगैरे झाला नाही.

यात सासूबाईंनी भूत खोटं आहे असं एकदाही म्हटलं नाही. माझ्या विवेकाला तेव्हा ते टोचलं, आजही थोडं टोचतं. पण त्यांनी केलं काय ते पाहा. अंधारात जे निराकार होतं त्याला नाव दिलं, वय दिलं, जागा दिली, आणि मुख्य म्हणजे अडचण दिली. जे सगळीकडे होतं ते आता फक्त पिंपळावर होतं. पुढे माझ्या वाचनात इस्राएलमधलं एक काम आलं. २००६ च्या युद्धात सापडलेल्या लहान मुलांना तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी कापडी कुत्र्याचं पिल्लू दिलं आणि सांगितलं, हे दुःखी आहे, याला तुझी गरज आहे, तू याला सांभाळ. मुलांचा त्रास कमी झाला. नंतर रात्रीच्या भीतीसाठीही हाच प्रयोग केला गेला आणि उपयोगी पडला. सासूबाई चौथी शिकलेल्या होत्या.

मग लॉक चुकला का? इथे मला लॉकच्या बाजूने बोलायचं आहे, कारण त्याच्या रागाचं खरं कारण आपण विसरतो. नोकर मुलांना *धाकात ठेवायला* भुतं बोलावतात, असं तो म्हणतो. हे आपल्याकडचं रोजचं आहे. "जेव, नाहीतर बागुलबुवा येईल." "झोप, नाहीतर बुवा नेईल." हा बागुलबुवा गोष्टीतला नाहीच. त्याला घर नाही, गाव नाही, इतिहास नाही. तो आईवडिलांच्या नोकरीत आहे. त्याला हाक मारणारे आपण, त्याला परत पाठवणारे आपण. मुलाला याहून भयंकर काय असेल, की ज्यांच्याकडे धावत जायचं त्यांनीच त्याला पाठवलेलं आहे? मूल मग भिऊन जाणार कोणाकडे?

म्हणून कुठलीही भीतीची गोष्ट वाचायला घेतली की मी एकच प्रश्न विचारतो. यातलं भूत कोणाच्या नोकरीत आहे? खोटं बोलणाऱ्या मुलाला धरायला येणारं भूत, दात न घासणाऱ्याला पकडणारी चेटकीण, हे सगळे शिस्तीचे पगारी नोकर. उलट गोव्यातला, दक्षिण कोकणातला देवचार पाहा. तो गावच्या सीमेचा राखणदार. रात्री वाट चुकलेल्याला हातातल्या उजेडाने घरापर्यंत आणून सोडतो, असं तिथे सांगतात. त्याची भीती वाटतेच, पण तो कोणाच्या सांगण्यावरून येत नाही. किंवा आपला वेताळ. स्मशान, मध्यरात्र, खांद्यावर प्रेत, याहून भेसूर काय पाहिजे? पण ते प्रेत करतं काय, तर गोष्ट सांगतं आणि शेवटी प्रश्न विचारतं. राजाला उत्तर माहीत असून तो गप्प राहिला तर डोकं फुटणार, बोलला तर वेताळ परत झाडावर. भुताची किंमत तिथे बुद्धीने चुकवायची आहे. आमच्या पिढीने 'चांदोबा'मधून ते वाचलं आणि आम्हाला आठवतात ते त्याचे प्रश्न.

मराठीत याचं उत्तम उदाहरण रत्नाकर मतकरींचं आहे. एकाच माणसाने मोठ्यांसाठी अंगावर काटा आणणाऱ्या गूढकथा लिहिल्या आणि मुलांसाठी 'अलबत्या गलबत्या'. त्यातली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी केली होती. ती चेटकीण गोड नाही. ती दुष्टच आहे, पण हावरी आहे, फजीत होणारी आहे, आणि नाट्यगृहात चारशे पोरं एकदम घाबरतात आणि एकदम हसतात. रूसोला हवे होते ते रात्रीचे खेळ हेच. दिवे गेलेले, पुष्कळ मुलं, पुष्कळ हसणं. यावर समीक्षा फारशी झाली नाही, बालनाट्य म्हणून हात झटकले गेले, याची मला खंत आहे.

आता माझी चूक. चार वर्षांपूर्वी, एवढं सगळं माहीत असताना, मी नातवाला हडळीची गोष्ट सांगितली. तेव्हा तो चार वर्षांचा. मी फार रंगवून सांगितली. उलटे पाय, मोकळे केस, विहिरीचा काठ, आवाज बदलून सगळं. तो टक लावून ऐकत होता, मला वाटलं, वा! गोष्ट संपली, पांघरूण घातलं, दिवा बंद केला आणि मी माझ्या खोलीत गेलो. पुढचे तीन आठवडे तो घरात येणाऱ्या प्रत्येकाचे पाय बघायचा. रात्री दोनदा उठून रडायचा. मुलगी मला म्हणाली, "बाबा, गोष्ट ठीक होती. तुम्ही ती सांगून निघून गेलात." ही तीच मुलगी, मुंजावाली.

तिचं वाक्य मी मनात पुष्कळ घोळवलं. अभिनवगुप्ताने भयानक रसाचं उदाहरण घेतलं ते 'शाकुंतला'तल्या पळणाऱ्या हरणाचं. प्रेक्षकाला तिथे जे भय जाणवतं ते 'मी घाबरलो' असं नसतं, 'ते हरीण घाबरलं' असंही नसतं. ते कोणाचंच नसतं, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. साधारणीकरण. मला वाटलं होतं, मूलही तसंच ऐकतं. पण सहृदय असायला सराव लागतो. चार वर्षांच्या मुलाजवळ भय 'कोणाचंच नाही' असं होण्याची सोय त्याच्या मनात अजून नसते, ती सांगणाऱ्याच्या शरीरात असते. मांडी असते, हात असतो, आवाज असतो. तो उठून गेला की भय लगेच मुलाच्या मालकीचं होतं.

१९०५ च्या एका पुस्तकात फ्रॉइडने तळटीपेत एक प्रसंग दिला आहे. फ्रॉइडचं सगळंच मला मान्य नाही, पण ही तळटीप मान्य आहे. अंधाऱ्या खोलीतला तीन वर्षांचा मुलगा शेजारच्या खोलीतल्या मावशीला हाक मारतो, माझ्याशी बोल म्हणतो. मावशी म्हणते, त्याचा काय उपयोग, तुला मी दिसणार तर नाही. तो सांगतो, कोणी बोललं की उजेड होतो. आता रूसो आठवा. चर्चकडे परत जायला त्याला बळ कशाने आलं? घरातलं हसणं कानावर आलं म्हणून. त्याने स्वतः त्याचं श्रेय शरमेला आणि हसण्याला दिलं. मी थोडं आवाजालाही देईन. आणि सासूबाई? त्या पायरीवर उभ्या होत्या.

तेव्हा त्या ताईंना, त्या आज आल्या आहेत असं दिसतंय, माझं उत्तर असं. गोष्ट जरूर सांगा. भूत खरं भूत असू द्या, पण त्याला तुमच्या कामाला लावू नका. अभ्यास, जेवण, झोप यांच्यासाठी त्याचं नाव घेऊ नका. मुलगा "थांब" म्हणाला की तिथेच थांबा, "पुन्हा" म्हणाला तर पुन्हा सांगा, दहा वेळा सांगा. तो मध्येच काही बदलू लागला तर बदलू द्या. आणि गोष्ट संपल्यावर काही वेळ तिथेच बसून साध्या गोष्टी बोला, उद्या डब्यात काय हवं वगैरे. फार तर पंधरा मिनिटं. भूत खरंच असतं का, असं त्याने दिवसा विचारलं तर खरं ते सांगा, की नसतं, मला तरी कधी भेटलं नाही. रात्री विचारलं तर आधी जवळ घ्या, मग सांगा.

नातू आता आठ वर्षांचा आहे. गेल्या दिवाळीत वीज गेली होती तेव्हा त्यानेच मला हडळीची गोष्ट सांगितली. माझीच गोष्ट, पण त्याने तीत भर घातली आहे. पाय उलटे असल्यामुळे हडळीला दुकानात बूट मिळत नाहीत. ती दुकानदाराला म्हणते टाच पुढे करून द्या, तो म्हणतो मग नाडी कुठे बांधणार? म्हणून ती अनवाणी विहिरीवर येते आणि तिचे पाय पोळतात. सांगताना तो माझ्या कानाशी येऊन आवाज काढत होता, आणि मी उठायला लागलो तर माझी बाही धरून म्हणाला, "थांब ना आजोबा, अजून संपली नाही."

प्रश्न असतील तर घेऊ. ताई, तुम्ही आधी विचारा.